डेल्को, पॉइंट आणि घाट : कर्जत-खालापूरच्या मिस्त्रीविद्येचा इतिहास

कर्जत आणि खालापूर हे रायगड जिल्ह्याचे आतल्या बाजूचे दोन तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले असून, बोरघाट चढण्यापूर्वीचा शेवटचा सखल मुलूख म्हणून त्यांना दळणवळणाच्या इतिहासात स्वतःचे असे स्थान मिळाले आहे. खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंतच्या थोड्या अंतरात वाट सुमारे ५०० मीटर उंची गाठते, आणि म्हणून घाट चढणाऱ्या प्रत्येक वाहनाला, मग ते बैलाचे असो, वाफेचे असो की पेट्रोलचे, पायथ्याशी थांबून आपली ताकद तपासून घ्यावी लागे. नाना फडणविसांनी खोपोलीत तलाव आणि महादेवाचे देऊळ बांधले, ते याच मुक्कामाच्या जागी. १८०४ मध्ये इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीने तोफा वर नेता याव्यात म्हणून घाटवाट दुरुस्त करून घेतली, आणि १८३० साली गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत चाकांच्या गाड्यांसाठी बांधलेला रस्ता खुला झाला. १८५६ साली आगगाडी खोपोलीपर्यंत आली, १८५८ साली वरच्या अंगाने खंडाळा ते पुणे ती धावू लागली, परंतु मधला घाट १८६३ पर्यंत लोहमार्गाविना राहिल्यामुळे त्या काही वर्षांत प्रवासी खोपोलीला उतरून डोलीने, तट्टावर किंवा बैलगाडीने वर जात आणि पुन्हा गाडीत बसत. घाटातून लोहमार्ग झाला तेव्हा सदतिसास एक असा चढ आणि पंचवीस बोगदे पार करण्यासाठी कर्जतला मागून जादा इंजिने जोडण्याची पद्धत पडली. त्यांना रेल्वेच्या भाषेत ‘बँकर’ म्हणतात, आणि घाट चढणाऱ्या बहुतेक गाड्यांना ती आजही तेथेच जोडली जातात.

मोटारगाडीला मात्र बँकर नसतो. तिला स्वतःच्या इंजिनावर घाट चढावा लागतो, आणि ते इंजिन पायथ्याशी थंड पडून पुन्हा सुरू झाले नाही तर मदतीला येतो तो रस्त्याकडेचा मिस्त्री. चौक, खालापूर, शिळफाटा, खोपोली या जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरील वस्त्यांमध्ये आणि कर्जतच्या चार फाट्यासारख्या नाक्यांवर विसाव्या शतकात जी गॅरेजे उभी राहिली, त्यांच्या कामाचा मोठा भाग ‘गाडी चालू होत नाही’ या एकाच तक्रारीने व्यापलेला असे. या तक्रारीमागचे कारण शोधण्याची जी रीत मिस्त्रींच्या हातांत तयार झाली, तिची फारशी नोंद कागदावर झालेली नाही. ही रीत अडाण्याच्या अंदाजपंचे कामासारखी समजली गेली, हा तिच्यावरचा मोठा अन्याय आहे. कारण तिच्यात निरीक्षण, वगळणी आणि पडताळा यांचा क्रम कोणत्याही प्रयोगशाळेला शोभेल इतका काटेकोर होता.

या विद्येचा पहिला धागा एका शब्दात सापडतो. पेट्रोल इंजिनातील प्रत्येक नळकांड्याच्या, म्हणजे सिलिंडरच्या, प्लगला योग्य क्षणी विजेचा दाब वाटून देणाऱ्या यंत्राला पुस्तकात ‘डिस्ट्रिब्यूटर’ म्हणतात, पण मिस्त्रींच्या तोंडी तो ‘डेल्को’ असतो. डेल्को हे मुळात अमेरिकेतील डेटन इंजिनियरिंग लॅबोरेटरीज कंपनीच्या आद्याक्षरांनी बनलेले नाव. या कंपनीचे चार्ल्स केटरिंग यांनी बॅटरीवर चालणारी ठिणगीची रचना सिद्ध केली, ती १९१० च्या कॅडिलॅक मोटारीत बसवली गेली, आणि १९१२ साली त्याच मोटारीत हँडल न मारता इंजिन फिरवणारी विजेची मोटर, म्हणजे आपला ‘सेल्फ’, आला. पुढे ही कंपनी जनरल मोटर्सच्या पोटात गेली, आणि जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडी येथे मोटारी जोडण्याचा कारखाना काढला. खोक्यावर छापलेले नाव वस्तूलाच चिकटून बसावे, तसा डेल्को हा शब्द दूरच्या डेटन शहरातून खोपोलीच्या नाक्यापर्यंत पोहोचला असे मानायला जागा आहे.

केटरिंगच्या रचनेचे तत्त्व साधे असून तेच पुढे जवळपास सत्तर वर्षे टिकले. बॅटरीचा बारा व्होल्टचा प्रवाह कॉईलमधील जाड तारेच्या वेटोळ्यातून जातो. डेल्कोच्या पोटात फिरणारा चौकोनी कॅम प्रत्येक कोपऱ्याला ‘पॉइंट’ नावाची धातूची जोडी उघडतो. पॉइंट उघडताच प्रवाह खंडित होतो, कॉईलमधील चुंबकत्व एकदम कोसळते आणि शेजारच्या बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत पंधरा-वीस हजार व्होल्टचा दाब उभा राहतो. हा दाब डेल्कोच्या टोपीत फिरणाऱ्या रोटरमार्फत ज्या सिलिंडरची पाळी असेल त्याच्या प्लगपर्यंत जातो आणि तेथे ठिणगी पडते. पॉइंटच्या जोडीला बसवलेला कंडेन्सर, म्हणजे क्षणभर वीज साठवून ठेवणारी छोटी डबी, पॉइंटच्या फटीत ठिणग्या उडू देत नाही. चार सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्या घेत असेल तर हा सगळा खेळ सेकंदाला शंभर वेळा घडतो, आणि या साखळीतील एकही कडी निसटली तर गाडी गप्प बसते.

कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची १०८९ घनसेंटिमीटरची फियाट, जी १९७४ पासून पद्मिनी म्हणून ओळखली गेली, आणि १९५७ पासून रस्त्यावर आलेली अँबेसेडर या दोन गाड्यांनी मुंबई-पुणे रस्त्याचे अर्धे शतक व्यापले. दादर-पुणे टॅक्सीचा धंदाही बराच काळ फियाटच्या जोरावर चालला. दोन्ही गाड्यांत केटरिंगचीच साखळी होती, दोन्हींत ठिणगीचा क्रम पहिला, तिसरा, चौथा, दुसरा असा होता, आणि १९५१ साली स्थापन झालेल्या मायको कंपनीचे प्लग व १९६१ साली मद्रासला सुरू झालेल्या ल्युकास-टीव्हीएसचे डेल्को यांमुळे सुटे भाग गावोगावच्या दुकानांत मिळू लागले. एका गाडीवर शिकलेला हात दुसरीवर चालत असे. पायथ्याच्या गॅरेजला ही एकसारखेपणाची सोय फार मोलाची होती.

पण या मुलखाने त्या साखळीवर दोन कसोट्या अशा लादल्या की सपाट प्रदेशातील मिस्त्रीला त्यांचा एवढा अनुभव नसे. पहिली कसोटी पावसाची. कर्जत तालुक्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि माथेरान-खंडाळ्याच्या माथ्यावर त्याहूनही जास्त. जूनच्या पहिल्या आठवड्यापासून हवेतला ओलावा डेल्कोच्या टोपीत शिरतो, प्लगच्या जुन्या तारांच्या रबरातील तड्यांत बसतो, आणि पंधरा हजार व्होल्टला प्लगची फट ओलांडण्यापेक्षा ओल्या टोपीवरून सरपटत इंजिनाच्या लोखंडात उतरणे सोपे जाते. अंधारात बॉनेट उघडून सेल्फ मारला तर तारांवरून निळसर रेषा वळवळताना दिसतात. हे दृश्य दिसले की मिस्त्रीला आणखी काही तपासण्याची गरज उरत नसे. टोपी काढून कोरड्या फडक्याने आतून पुसली, तिच्यावर काजळीची बारीक रेघ उमटलेली असेल तर ती खरवडली आणि तारा वाळवल्या, की पुष्कळदा गाडी पहिल्याच फटक्यात लागे.

ती लागली नाही तर मग खरी तपासणी सुरू होई, आणि तिचा क्रम ठरलेला होता. आधी कान. सेल्फ जड, रडका आवाज काढत असेल तर दोष बॅटरीचा किंवा तिच्या गंजलेल्या टोकांचा, कारण सेल्फ फिरताना बारा व्होल्टची बॅटरी नऊ-दहापर्यंत खाली येते आणि अशक्त बॅटरीत कॉईलसाठी काही शिल्लकच राहत नाही. अशी गाडी धक्का मारून लागते ती याच कारणाने. सेल्फ जोरात फिरत असेल तर मग नाक आणि डोळे. काढलेला प्लग पेट्रोलने भिजलेला असेल तर पेट्रोल येत आहे पण ते जळत नाही, म्हणजे संशय ठिणगीवर. प्लग कोरडा असेल तर संशय पंपावर आणि पेट्रोल-हवेचे मिश्रण करणाऱ्या कार्बोरेटरवर. बिस्किटी रंगाचा प्लग निरोगी, काजळीने काळा झालेला प्लग पेट्रोल जास्त होत असल्याची खूण, आणि पांढरा पडलेला प्लग पेट्रोल कमी पडत असल्याची किंवा अति उष्णतेची. प्लगकडे पाहून इंजिनाच्या पोटातली अवस्था सांगणे हे नाडीपरीक्षेच्या जवळ जाणारे कौशल्य होते.

त्यानंतर ‘करंट पाहणे’. मधली जाड तार टोपीतून उपसून तिचे टोक इंजिनाच्या लोखंडापासून अर्ध्या सेंटिमीटरवर धरायचे आणि सोबत्याने सेल्फ मारायचा. ठिणगी निळी-पांढरी आणि चटचट आवाज करणारी असेल तर कॉईल, पॉइंट आणि कंडेन्सर निर्दोष, पिवळट-लालसर आणि मुकी असेल तर यांपैकी कोणीतरी दगा देत आहे. येथे एक बारकावा असा की मोकळ्या हवेत दिसणारी ठिणगी सिलिंडरमध्ये पडेलच असे नाही. सिलिंडरमधील मिश्रण दट्ट्याने, म्हणजे पिस्टनने, दाबले गेलेले असते आणि दाबलेल्या वायूतून ठिणगी उडवायला कितीतरी जास्त दाब लागतो. म्हणून बाहेर क्षीण चमकणारा प्लग आत मुकाट राहतो. जाणता मिस्त्री तार थोडी लांब धरून पाहतो तो यासाठीच, आणि तार किती लांबवरून ठिणगी ओढते यावर कॉईलचे आरोग्य ठरवतो.

पॉइंट हा या साखळीतला सर्वांत नाजूक आणि म्हणूनच सर्वांत जास्त हाताळला गेलेला भाग. रोजच्या ठिणग्यांनी त्याच्या एका पृष्ठावर खड्डा आणि दुसऱ्यावर कोंब तयार होतो. कंडेन्सर बिघडला असेल तर हे फार लवकर होते, आणि नवा पॉइंट थोड्या दिवसांत जळून काळा पडलेला दिसला की दोष पॉइंटचा नसून कंडेन्सरचा आहे हे ओळखले जाई. पॉलिश पेपरची बारीक पट्टी दोन पृष्ठांमध्ये घालून ती दोन-तीनदा ओढायची, मग कॅमचा कोपरा पॉइंट पूर्ण उघडेपर्यंत इंजिन फिरवून फट मोजायची. पुस्तकातला आकडा साधारण ०.४ मिलिमीटरचा, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागांत मोजले तर पंधरा, आणि मिस्त्रींच्या बोलण्यात तो ‘पंधरा थाऊ’ असा येतो. गेज हाताशी नसेल तर जाड पुठ्ठ्याच्या पट्टीवर काम भागवले जाई, आणि कोणत्या पुठ्ठ्याची जाडी किती हे बोटांना पाठ असे.

फटीनंतर येते ‘टायमिंग’. या शब्दाला गॅरेजमध्ये दोन अर्थ आहेत आणि त्यांची सरमिसळ झाली की निदान चुकते. एक टायमिंग झडपांचे: सिलिंडरच्या झडपा दट्ट्याच्या चालीशी जुळवून उघडणारी साखळी किंवा पट्टा सैल पडला, तुटला किंवा दात चुकून बसला की ते बिघडते. दुसरे टायमिंग ठिणगीचे. मिश्रण पेटून दाब पूर्ण वाढायला थोडा अवधी लागत असल्यामुळे दट्ट्या माथ्यावर पोहोचण्याच्या काही अंश आधीच ठिणगी पडावी लागते. ती फार आधी पडली तर टायमिंग ‘ॲडव्हान्स’, उशिरा पडली तर ‘रिटार्ड’. पॉइंटची फट आणि टायमिंग ही दोन कामे एकमेकांत गुंतलेली आहेत हे येथे ध्यानात घ्यावे लागते. पॉइंटची कॅमवर घासणारी टाच झिजली की फट कमी होते, पॉइंट उशिरा उघडतो आणि टायमिंग आपोआप रिटार्ड होते. फट वाढवली की तेच उलट होते. म्हणून आधी फट आणि मग टायमिंग हा क्रम कोणताही उस्ताद आपल्या चेल्याला पहिल्या दिवशी शिकवतो, आणि तो मोडणाऱ्याला सगळे काम पुन्हा करावे लागते.

टायमिंग बांधण्याची रीत पाहण्यासारखी आहे. पहिल्या सिलिंडरचा प्लग काढून त्या भोकावर अंगठा दाबून धरायचा आणि पुढून हँडलने इंजिन हळूहळू फिरवायचे. आतली हवा अंगठा उडवू लागली की दट्ट्या दाबाच्या फेरीत वर येत आहे हे कळते. ही खात्री अत्यावश्यक आहे, कारण दट्ट्या दोन फेऱ्यांत दोनदा माथ्यावर येतो आणि त्यांतील एकदा तो फक्त धूर बाहेर टाकत असतो. त्या फेरीवर डेल्को बसवला तर ठिणगी अर्ध्या चक्राने चुकते, गाडी लागत नाही आणि कार्बोरेटरमधून भडका मात्र येतो. दट्ट्या माथ्यापूर्वीच्या खुणेवर आणून थांबवला, की साध्या बल्बची एक तार कॉईलच्या डेल्कोकडील टोकाला आणि दुसरी लोखंडाला लावायची, इग्निशन चालू करायचे आणि डेल्को हलक्या हाताने फिरवायचा. पॉइंट मिटलेला असेपर्यंत प्रवाह त्याच्यातून जातो आणि बल्ब विझलेला राहतो. ज्या क्षणी पॉइंट उघडतो त्या क्षणी बल्ब पेटतो, आणि तोच ठिणगीचा क्षण. बल्ब नसेल तर सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद पॉइंटमध्ये धरून तो सुटतो कधी हे बोटांनी जोखले जाई.

दुसरी कसोटी, म्हणजे घाटाच्या चढाची, येथे लागू होते. टायमिंग जरा जास्त ॲडव्हान्स असले तर सपाट रस्त्यावर गाडी चपळ वाटते, पण चढावर खालच्या फेऱ्यांत, ॲक्सिलरेटर दाबलेला असताना, इंजिनातून खडे वाजवल्यासारखी टकटक ऐकू येते, कारण मिश्रण वेळेआधी स्फोटासारखे जळून चढत्या दट्ट्यावर आघात करते. पेट्रोलचा ऑक्टेन अंक, म्हणजे अशा अकाली स्फोटाला विरोध करण्याची शक्ती, जेवढा कमी तेवढी ही टकटक लवकर सुरू होते, आणि रॉकेलची भेसळ झालेल्या पेट्रोलने ती आणखी वाढते. उलट टायमिंग फार रिटार्ड केले तर टकटक थांबते, पण गाडी ओढत नाही आणि रेडिएटर उकळू लागतो. पायथ्याच्या मिस्त्रीला म्हणून पुस्तकातल्या खुणेवर थांबून चालत नसे. तो गाडी थोडी चढावर नेऊन आवाज ऐके, डेल्को केसभर मागे घेई आणि पुन्हा ऐके. जास्त ॲडव्हान्स असलेल्या इंजिनाचे हँडल उलट झटका मारते आणि मनगट मोडू शकते, हेही त्याच्या ज्ञानाचा भाग होते. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवण्याची जुन्या चालकांची सवय त्यातूनच आलेली आहे.

ठिणगीवर नाहक आळ येणारा एक दोष मात्र घाटाचाच म्हणावा लागेल. उन्हाळ्यात घाट चढून तापलेली फियाट क्षणभर थांबवली की पंपातील पेट्रोलची वाफ होऊन नळी कोंडते, याला ‘व्हेपर लॉक’ म्हणतात, आणि गाडी सुरू होत नाही. पंपावर ओले फडके टाकून काही मिनिटे थांबले की ती लागते. ज्याला हे ठाऊक नसे तो निर्दोष पॉइंट बदलून बसे.

मालमोटारींची दुनिया वेगळी होती. १९५४ मध्ये टाटा-मर्सिडीज-बेंझचे डिझेल ट्रक आले आणि पेट्रोलवर चालणाऱ्या जुन्या बेडफर्ड-शेव्हरलेट मालमोटारी मागे पडत गेल्या; डिझेलला ठिणगी लागत नसल्याने तेथे डेल्को नाही, प्लग नाही, आणि टायमिंग असते ते इंधन फवारणाऱ्या पंपाचे. त्यामुळे घाटपायथ्याला डिझेलचा मिस्त्री आणि पेट्रोलचा मिस्त्री असे दोन वर्ग पडले, आणि वायरिंगच्या कामाला तिसरा इलेक्ट्रिशियन. विद्या मात्र तिघांकडेही सारख्याच मार्गाने उतरली: लहान वयात हाताखाली लागलेला पोऱ्या आधी पाने धुवून ठेवतो, मग टायर खोलतो, मग प्लग साफ करतो, आणि काही वर्षांनी एखाद्या दिवशी उस्ताद त्याच्या हातात डेल्को देतो. खोपोलीत १९१५ साली आणि कर्जत तालुक्यातील भिवपुरीत १९२२ साली टाटांची जलविद्युत केंद्रे सुरू झाली, कर्जतच्या यार्डात इंजिनांची ये-जा अखंड होती. यंत्राशी सलगी असलेल्या या मुलखात अशी शिकवण रुजायला जमीन तयार होतीच.

ही व्यवस्था दोन बाजूंनी एकाच सुमारास ढळली. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचे पहिले टप्पे २००० साली खुले झाले आणि २००२ पर्यंत तो पूर्ण झाला, ९४.५ किलोमीटरचा हा रस्ता खालापूर तालुक्यातूनच जातो, पण खोपोलीच्या बाजारात न थांबता. त्याच सुमारास, १ फेब्रुवारी २००० पासून, शिसेयुक्त पेट्रोल देशभर बंद झाले आणि १ एप्रिल २००० पासून नव्या गाड्यांना धुराचे पहिले कडक निकष लागू झाले. १९८३ च्या डिसेंबरात आलेल्या मारुती ८०० मध्ये आता इंधन फवारणीची आणि संगणकाने ठरवलेल्या ठिणगीची रचना बसली. पॉइंट गेला, कंडेन्सर गेला, आणि हळूहळू डेल्कोही गेला. प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉईल आली आणि क्रँक सेन्सर नावाचा छोटा चुंबकी डोळा दट्ट्या कोठे आहे हे संगणकाला सांगू लागला. या सेन्सरने मान टाकली तर सेल्फ दणक्यात फिरतो, पेट्रोल असते, पण ठिणगी नसते. स्कॅनर जोडला की पडद्यावर पी-०३३५ असा संकेत उमटतो, आणि तो संकेत सेन्सरचा आहे, वायरीचा आहे की उंदराने कुरतडलेल्या जोडाचा, हे शोधण्यासाठी मिस्त्रीला पुन्हा तीच वगळणीची रीत वापरावी लागते. झडपांच्या टायमिंगचा पट्टा तुटला असेल तर स्कॅनरच्याही आधी कान सांगतो: सेल्फचा आवाज नेहमीपेक्षा हलका आणि चढा येतो, कारण इंजिनात दाबच राहिलेला नसतो. तेलाचे झाकण उघडून आतले झडपा दाबणारे रॉकर हलत नाहीत एवढे पाहिले की निदान पक्के.

मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदवली गेली होती, आणि टॅक्सीच्या वयाची वीस वर्षांची मर्यादा संपल्यावर २०२३ च्या ऑक्टोबरअखेर पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. जुन्या गाड्या हौसेने सांभाळणारे लोक मात्र पावसाळा संपल्यावर त्या घाटाच्या रस्त्याला काढतात, आणि त्यातली एखादी पायथ्याशी अडून बसली की गॅरेजातल्या सगळ्यात वयस्क माणसाला बोलावणे जाते. तो आधी स्कॅनरचा डबा बाजूला सारतो, पहिला प्लग काढतो, भोकावर अंगठा ठेवतो आणि हँडल मारणाऱ्याला सावकाश फिरवायला सांगतो. अंगठा उचलला गेला की दोन तारांचा बल्ब लावतो, डेल्को उजव्या हाताने किंचित फिरवतो, बल्ब पेटतो त्या जागी तो तसाच धरून ठेवतो आणि डाव्या हाताने खालचा बोल्ट कसतो.